मुऱ्हाळी आणि अल्टरनेटर

मेकॅनिक हा प्राणी देवाने केवळ आपल्याला लुबाडण्यासाठी जन्माला घातला आहे, अशी माझ्या सासऱ्यांची पक्की खात्री आहे. मुक्ताईनगरजवळच्या त्यांच्या घरात त्यांनी खोलून पुन्हा बसवली नाही अशी एकही वस्तू नाही. त्यामुळे तिथला मिक्सर थोबाडीत दिल्याशिवाय फिरत नाही, आणि पंखा बंद करायचा तर ओसरीतला दिवा लावावा लागतो. याला ते बिघाड म्हणत नाहीत. सवय करून घ्या, म्हणतात. उरलेले स्क्रू बरणीत जातात. कंपन्या उगाच जास्तीचे लावतात, असं वर आम्हालाच सांगतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला मुऱ्हाळी येतो, ही आमच्या खानदेशातली रीत. धुळ्याला आमच्याकडे दरवर्षी मुऱ्हाळी म्हणून सासरेच येतात, तेही स्वतःची जुनी गाडी स्वतः चालवत. यंदा मेहुण्याने त्यांना बजावलं होतं की तुमचे हात थरथरतात, गाडी काढू नका. आणि काढलीत, वाटेत ती बंद पडली, तर मी सरळ विकून टाकीन. झालं! सासरे पहाटेच निघाले.

पारोळ्याजवळ बॅटरीचा लाल दिवा लागला. उरलेली बॅटरी पुरवायची म्हणून त्यांनी पंखा बंद केला, हॉर्नही वाजवायचा नाही असं ठरवलं आणि खिडकीतून हात काढून ट्रकवाल्यांवर ओरडत धुळं गाठलं. आमच्या दारात येऊन गाडीने मान टाकली. अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरणारं यंत्र, कामातून गेला होता. कोपऱ्यावरच गॅरेज आहे, एवढंच मी म्हणालो. या माणसाला मुलगी दिली तिथेच चुकलं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गाडी आपली, मंग हात बी आपलाच पाह्यजे," ते म्हणाले.

बाजारातून घासाघीस करून त्यांनी दुसरा अल्टरनेटर आणला. सदरा गाडीच्या आरशाला टांगला, बॅटरीची वायर सोडवली, पट्टा उतरवला, जुना काढून नवा बसवला, आणि मजुरी कशी वाचते यावर वॉचमनला व्याख्यानही दिलं. राहिलं फक्त पट्टा ताणून नट आवळायचं. तिथे पाना बसेना. एकदा घसरला, पुन्हा घसरला, बोट सोलून निघालं. सासरे पाना तसाच धरून नटाकडे बघत उभे राहिले. त्यांनी हार मानलेली मी कधी पाहिली नव्हती. मला भीतीच वाटली.

एवढ्यात बायको खाली आली. लहानपणी वडील गाडी खोलत तेव्हा टॉर्च धरून उभी राहणारी हीच. तिने पदर खोचला, त्यांच्या हातून पाना घेतला आणि म्हणाली, "आबा, तुमी पट्टा ताना. मी आवळते."

पट्टा ताणायला त्यांनी पहार लावून तिच्यावर भार टाकला, तिने नट आवळले. शेजाऱ्याच्या गाडीवरून वायरी जोडून गाडी सुरू केली, आणि लाल दिवा विझला. एक वॉशर उरला होता, तो त्यांनी खिशात टाकला. सवयीने ते चालकाच्या दाराशी गेले, जरा थांबले, किल्ली लेकीच्या हातात दिली आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसले.

वॉचमनला राहवलं नाही. "काय आबा, पोर तुमले घिऊन चालनी का?"

"ती मले काय नेते? मुऱ्हाळी मी हाये," सासरे म्हणाले. "मीच तिले घिऊन चाल्लो."

मला त्या क्षणी त्यांची फार माया आली. बायकोने गाडी फाटकाबाहेर काढताना हॉर्न वाजवला. आता तो वाजवायला हरकत नव्हती. तरी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढलाच. गाडी वळेपर्यंत तो थरथरणारा हात ट्रकवाल्यांना थांबा म्हणत होता.