सातव्या रॉडवरचं कुंकू

माझ्या जावयाने गाडी बेफाम हाकली म्हणून माझ्या मुलीचा गुडघा गेला, असं आमच्या ओळखीतली सगळी माणसं मानतात. मुलगीही तेच मानते. ते खरं नाही.

२००४ साली आम्ही अमेरिकेत, ईडन प्रेरीत राहत होतो. मी नुकताच निवृत्त झालो होतो. आयुष्य इंजिनांत गेलं, आधी पुण्यात, मग इथे. जावई नागपूरचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. त्याने एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून सत्तर सालच्या आसपासची एक मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, आणली. लांब नाक, दोन दारं, आणि आत गंजून जाम झालेलं इंजिन. त्याला तयार इंजिन मागवायचं होतं. मीच अडवलं.

"घरात इंजिनवाला असताना विकत कशाला आणता?" मी म्हणालो. "भंगारातून ट्रकचं आठ सिलिंडरचं व्ही-एट आणू. जिथे कळतं तिथे वाचवायचं, जिथे कळत नाही तिथे खर्चायचं."

मला वाटत होतं, मला सगळंच कळतं.

तो ऑफिसमधून सुटला की आमच्या गॅरेजमध्ये यायचा. ब्लॉक मशीन शॉपमधून घासून आणला. हेड्स जुनीच, पण मी स्वतः व्हॉल्व्ह बसवले. कॅमशाफ्ट तेवढा नवा, चढा, जोरकस. इंजिन स्टँडवर उलटं टांगून आम्ही खालून जोडत गेलो. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे आठ कनेक्टिंग रॉड, प्रत्येकाच्या तळाशी एक टोपी, टोपीला दोन नट. नट आधी निम्म्या जोराने आवळायचे आणि मग जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने पूर्ण. एक रॉड पूर्ण झाला की टोपीवर लाल ठिपका द्यायचा, ही माझी कारखान्यातली सवय. इथे मुलीचं नेलपॉलिश वापरत होतो.

"बाबा, तुमचं क्वालिटी चेकिंग जबरदस्त आहे यार," जावई म्हणायचा आणि लगेच जीभ चावायचा.

"तुमच्यासारखं नाही. आधी पाठवा, मग दुरुस्त करा. इथे पॅच पाठवता येत नाही."

तो हसायचा. त्याचं ते हसणं मला आवडायचं, हेही इथे लिहून ठेवतो.

खंडेनवमीच्या संध्याकाळी आठही रॉड निम्मे आवळून झाले होते आणि सहा पूर्ण. सातव्याला पाना लावणार तेवढ्यात बायको ताम्हन घेऊन गॅरेजमध्ये आली.

"हातातलं ठेवा आता. हत्यारं पाटावर मांडा."

आमच्याकडे पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलत नाहीत. माझे वडील शिवणयंत्रालासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. मी टॉर्क पाना पाटावर ठेवला. झेंडू मिळत नाही, म्हणून दुकानातली पिवळी शेवंती होती. तिने प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावलं. मग उलट्या इंजिनकडे वळली. "हाही देवच ना तुमचा," म्हणाली, आणि हाताला आलं तिथे बोट टेकवलं. मी पाहत होतो. कुठे टेकवलं ते पाहिलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी पुन्हा बसलो. सात टोप्यांवर लाल होतं. मी आठवा आवळायला घेतला.

"बाबा, सातवा झाला होता ना काल?" जावयाने विचारलं.

"लाल दिसतंय ना?"

"दिसतंय. पण मला वाटलं, आई आल्या तेव्हा..."

"टेस्टर तुम्ही ऑफिसात."

तो बाजूला सरकला. जावयाशी मी असं कधी बोललो नव्हतो. आम्ही रॉड झाकणारा खालचा ऑइल पॅन लावला, गॅस्केटला सीलंट फासून बोल्ट आवळले. नंतर मोरीत हात धुताना माझं मधलं बोट लाल दिसलं. वाळलेलं नेलपॉलिश बोटाला लागत नाही.

मी नळ चालू ठेवून उभा राहिलो. मग स्वतःला सांगितलं, पान्याच्या मुठीलाही कुंकू होतं, तेच लागलं असेल. पॅन पुन्हा उतरवणं अवघड नव्हतं. जावयासमोर उतरवणं अवघड होतं.

हिवाळ्यात इंजिन गाडीत बसलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा गॅरेजच्या काचा थरथरल्या. गरम झाल्यावर, त्या सगळ्या गडगडाटाच्या तळाशी, मला एक बारीक ठोका ऐकू आला. कोणी आतल्या खोलीतून दार वाजवावं तसा.

"हा आवाज कसला, बाबा?"

"टॅपेटचा. असला कॅम वाजतोच."

तसला कॅम वाजतो, हे खरं आहे. पण टॅपेटचा आवाज वरून येतो. हा खालून येत होता. पुढच्या आठवड्यांत गल्लीच्या टोकाला ती गाडी वळली की मी हातातलं काम थांबवून ऐकायचो. आवाज वाढला नाही म्हणून सुटल्यासारखं वाटायचं. थोडा वाढला तेव्हा मी खिडकी लावून घेतली.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ धुऊन गेलं आणि एका शनिवारी ती दोघं गाडी घेऊन बाहेर पडली. मुलीने काचेतून हात हलवला. मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "सावकाश जा."

हायवेवर सातवा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. तेल मागच्या चाकांखाली गेलं, गाडी फिरली आणि मुलीच्या बाजूने कठड्यावर आदळली.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जावई भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. माझ्या मागे बायको आणि दोन स्नेही होते. मी विचारलं, "किती वेगात होतात?"

एवढंच विचारलं. तो म्हणाला, "बाबा, मी लिमिटमध्येच होतो." पण प्रश्न इंजिनवाल्याने विचारला होता. तिथून पुढे कोणाला काही सांगावं लागलं नाही. महिन्याभरात इथल्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरात काकू लोक "पोरकट आहे हो तो" म्हणू लागल्या. मुलीनेही विश्वास ठेवला. पुढे दोघं वेगळी झाली.

इंजिन मीच उघडलं, एकट्याने. पॅनच्या तळाशी सातव्याचा एक नट पडला होता, आटे शाबूत. तुटलेला नव्हता, सुटलेला होता.

बायकोला कळलं तर ती आपल्या बोटाला दोष देईल, म्हणून मी बोलत नाही, असं इतकी वर्षं मानत आलो. ती मागच्या वर्षी गेली. कारण संपलं, तरी मी बोललो नाही. दोष कुंकवाचा नव्हता. बोट लाल झालेलं मी पाहिलं होतं.

गेल्या आठवड्यात जावयाला फोन केला. तो आता दुसऱ्या राज्यात, हर्नडनला असतो.

"बोला बाबा." अजून बाबाच म्हणतो.

"सातवा मी आवळला नव्हता."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग आधी मला का सांगताय? मी गाडी चालवत होतो, बाबा. मी कशी चालवत होतो ते मला माहीतच आहे." त्याने फोन ठेवला.

रविवारी मुलगी येणार आहे. नट टेबलावर काढून ठेवला आहे. तिला जमिनीवर मांडी घालता येत नाही, म्हणून समोर खुर्ची मांडली आहे.