भरलेल्या बॅटरीने कन्नड घाट उतरताना

मंडळी, चाळीसगावात रस्त्याच्या कडेला बसून लिहितेय. पुन्हा स्टिअरिंग धरायची हिंमतच होत नाहीये.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर वडिलांना, नानांना, एरंडोलला घरी नेत होते. कन्नडला इलेक्ट्रिक गाडी पूर्ण चार्ज केली आणि घाटाला लागले.

एरवी पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, त्यातूनच बॅटरी थोडी भरते. आज पाय उचलला, तर गाडी पळतच सुटली! पुढे ट्रक.

डोळ्यावर पट्टी असलेले नाना ओरडले, "माय, गाडी काबर पळी राहिनी? ब्रेक दाब!"

सवय मोडलेल्या पायाला ब्रेक सापडेना. सापडला तेव्हा ट्रक हातभर दूर होता.

बॅटरी भरलेली असली की ते आपोआप मंदावणं जवळजवळ बंद होतं, असं मेकॅनिकने आत्ता फोनवर सांगितलं.

गाडी घेताना तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं का?