मालूआजीची होडी

मुलांनो, मालूआजीच्या डोक्याला वायरी लावलेला फोटो पाहून तुम्ही घाबरून फोन केलात, म्हणून आजच लिहिते. माझी ही धाकटी बहीण हात सोलवटेपर्यंत धुते. घरात आम्ही त्याला सोवळं समजून कौतुक करत राहिलो. तो आजार आहे हे फार उशिरा कळलं. तोवर तिने दुसऱ्याच्या हातचं खाणंच सोडलं होतं, अगदी माझ्याही.

औषधं चालू आहेतच. जोडीला डॉक्टरांनी हे न्यूरोफीडबॅक सुचवलं, म्हणजे वायरींनी मेंदूच्या लहरी टिपून पडद्यावर दाखवायच्या. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही सांगितलं. मेंदू शांत झाला की पडद्यावरची होडी पुढे सरकते. काल ती अडली.

“अगं चल की, भवाने!” मालू ओरडली.

“आजी, रागावलात की ती थांबते,” दवाखान्यातली मुलगी म्हणाली.

“अगदी आमच्या ह्यांच्यासारखी आहे मेली!” मालू हसून सैलावली, आणि होडी निघाली. मन दटावून हलत नाही, हे या वयात एका होडीने शिकवावं, याची मला गंमत वाटली.

बाहेर बाकावर मी आलेपाकाची वडी काढली. मालू हात धुवायला उठेल असं वाटलं, पण ती बसूनच राहिली. मग उष्टं होऊ नये म्हणून लहानपणी करायचो, तसा तिने वडीवर पदर धरला.

“तोड चिमणीच्या दातांनी.”

मी तोडलेला तुकडा तिने माझ्या हातून खाल्ला. हात ती अजून धुते. पण आमचा चिमणीचा घास शिल्लक आहे.