गोल खायचा नाही

तिचा उजवा हात काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पलीकडच्या खोलीत ती झोपली आहे, हात उशीवर वेगळा ठेवून, जणू तो तिचा नाहीच. मनगटाच्या वर चांगलं तळहाताएवढं भाजलं आहे. उद्या दुपारी तोच हात ती पुन्हा तापलेल्या रोलरपुढे नेणार, आणि तेही हौसेनं.

माझी लेक एका मोठ्या धुलाई कारखान्यात आहे. हॉस्पिटलांच्या चादरी तिथं धुतल्या जातात. डोकं शाबूत असलेली मुलगी आहे, पदवीधर आहे, म्हणून तर माझा संताप जास्त.

लहानपणी ती गुबगुबीत होती. गल्लीतली पोरं तिला फुटबॉलला घ्यायची ती एवढ्याचसाठी, की ‘तू नुसती गोलमध्ये उभी राहा, अर्धी जागा तशीच भरते.’ ही उभी राहिली ती राहिलीच. कॉलेजच्या संघात पोचेपर्यंत तिचं नाव ‘भिंत’ पडलं होतं. पण ही भिंत बोलणारी. सामना पाहायला गेलं की मैदानाच्या फाटकापाशीच आवाज यायचा, ‘डावीकडे बघ! मागे कोण आहे तुझ्या? झोपलीस का गं?’ गोल खाल्ला त्या दिवशी घरी येऊन जेवायची नाही. हे तिला चिडवायचे, ‘गोल खाल्लाय ना, पोट भरलं असेल.’ मग चपला उडायच्या.

पदवीनंतर कारखान्याच्या ऑफिसात लागली. खुर्चीवर बसून कंटाळली आणि स्वतःहून रोलरवर काम मागून घेतलं. तेव्हाही मी बोलले होते, पण तिथं ती रमली. रोलर म्हणजे आडवा, वाफेनं तापलेला लोखंडी दंडगोल. दोघी पुढून ओल्या चादरीची टोकं धरून आत सोडतात, दोघी मागून इस्त्री झालेली चादर घेऊन घड्या घालतात. आणि पाचवी? पाचवी ओल्या ढिगातल्या गाठी सोडवून चादरी हातात देते, कुणाला पाणी प्यायचं असेल तर तिच्या जागी उभी राहते, आणि एक डोळा कायम लाल दोरीवर ठेवते. ती दोरी ओढली की रोलर थांबतो. माझ्या लेकीच्या रोलरवर पाचव्या जागी मामी होत्या. कुणाच्या मामी ते कुणालाच ठाऊक नाही, पण सगळ्यांच्या मामी.

मग मालकांनी टीव्हीवर अजिंक्यपदाचा अंतिम सामना पाहिला. एका संघाचा खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला, उरलेले दहाजण खेळले आणि जिंकले. देशोदेशीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विसरून गेले. मालक विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत सगळ्यांना बसवून भाषण. दहाजण जग जिंकतात, तर चौघी एक रोलर चालवू शकत नाहीत? संघभावना म्हणजे काय? दुसऱ्याची जागा भरून काढणं! त्याच आठवड्यात प्रत्येक रोलरवरची पाचवी काढली. मामींना मळक्या चादरी वेगळ्या करायला मागच्या शेडमध्ये पाठवलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी चरफडून गप्प बसले असते. पण त्यांनी भिंतीवर फळा लावला. प्रत्येक रोलर म्हणजे एक संघ, आणि दोरी ओढून रोलर थांबवला की त्या संघानं एक गोल खाल्ला. माझ्या मुलीच्या दंडाला कॅप्टनची पट्टी बांधली आणि म्हणाले, ‘कॅप्टन, तू तर गोलकीपर. तुला सांगायला नको.’

खरंच सांगायला लागलं नाही. तिनं महिनाभर एकही गोल खाल्ला नाही.

ती पट्टी दंडावरून खाली मनगटाकडे आलेली मला परवा जेवताना दिसली. डाव्या हातानं घास घेत होती.

‘पट्टी काढ.’

‘असू दे गं.’

‘काढ म्हणते ना!’

काढली. मी काय पाहिलं ते पुन्हा लिहीत नाही.

‘वाफ लागली थोडी,’ म्हणाली.

वाफ! आज संध्याकाळी दुकानात मामी भेटल्या. मला पाहून आधी तोंड फिरवलं, मग स्वतःच जवळ आल्या. ‘ताई, मी तिथं नव्हते, पण पोरींनी सांगितलं. गाठ पडलेली चादर तशीच आत गेली. दोरी हाताशी होती हो. हिनं ओढली नाही. चालत्या रोलरवर हात घालून चादर उपसायला गेली.’ आणि मग हळूच, ‘मी असते तर ढकलूनच दिलं असतं तिला, कॅप्टन असो की कलेक्टर.’

घरी येऊन मी तिला धारेवर धरलं.

‘दोरी का नाही ओढलीस?’

‘मामींना दम निघत नाही ना!’

‘मी काय विचारलं?’

‘आई, उद्या फळ्यावरची फायनल आहे. आम्ही आणि तीन नंबरचा रोलर. आमचा एकही गोल नाही. तुला नाही कळायचं.’

‘नाही कळत. मग मला सांग, त्या सामन्यात दहाजण किती वेळ खेळले?’

‘शेवटची वीसेक मिनिटं.’

‘आणि तुम्ही?’

‘ते उदाहरण असतं गं आई. शब्दशः घ्यायचं नसतं.’

‘मालकांनी शब्दशःच घेतलंय की! पुढच्या सामन्यात तो संघ पुन्हा अकराजणांचाच उतरला असेल ना? तुमच्या मामी कधी उतरणार?’

ती उठून हात धुवायला गेली. नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘माझ्या बाजूला नवी मुलगी आहे. मी दोरी ओढत नाही म्हणून तीही ओढत नाही.’ हे तिला कळतं. कळूनही उद्या ती जाणार. मी म्हटलं, कारखान्यांच्या सुरक्षेचं सरकारी कार्यालय आहे, मी तिथं फोन करते. तशी वळली. ‘तू फोन केलास ना, तर सगळ्यांपुढं माझी लाज जाईल. आईला पाठवलं म्हणतील. मी तुझ्याशी बोलणार नाही, सांगून ठेवते.’

ह्यांनाही विचारून पाहिलं. म्हणाले, ‘मोठी झाली आहे ती, तिचं ती बघेल.’ काय बघेल? मैदानात हिचे डोळे समोर असायचे आणि तोंड चालू असायचं. कोण मोकळं सुटलंय, कुठून धोका येतोय, ते ओरडून सांगणं हेच तर हिचं काम होतं. त्या मालकानं तिच्या हट्टाला नेमकं ओळखलं आणि तिचं तोंड बंद केलं. त्याला फुटबॉलमधून एवढंच शिकता आलं! संघातली माणसं कमी करायची आणि उरलेल्यांना दोरी ओढायची लाज वाटेल अशी सोय करायची. आणि हिच्या हातावर पट्टी बांधायची. मला त्याचा राग येतो, हिचाही येतो, आणि दोन्ही राग मिळून झोप येत नाही.

फायनल दुपारी जेवणानंतर आहे. कार्यालय सकाळी उघडतं. ती कामावर गेली की मी फोन लावणार. नाव विचारलं तर माझं पूर्ण नाव सांगणार, कारखान्याचा पत्ता सांगणार, फळ्याचं सांगणार, मामींना कुठून काढलं ते सांगणार, आणि दुपारच्या आत कुणाला तरी पाठवा म्हणणार. ते ‘बघतो’ म्हणाले तर तासाभरानं पुन्हा लावणार. फोन करण्याआधी सकाळी चहा देताना तिलाही सांगणार आहे. चोरून काही करायचं नाही.

ती बोलणार नाही माझ्याशी. महिना, दोन महिने, तिची जिद्द मला माहीत आहे. न बोलू दे. दोन्ही हात धड असलेली रुसलेली मुलगी मला चालेल.