चौकटीवरची दोन अक्षरं

माझ्या सासूबाईंवर अन्याय झाला. शुक्रवारी, शाब्बाथचे, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लावायच्या तासभर आधी, कोबेतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटच्या दारात. आयटीच्या कंत्राटांवर पुण्या-मुंबईची माणसं जपानला भराभर येत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. सासरे वारल्यावर सासूबाई रेवदंड्याचं घर बंद करून आमच्याकडे आल्या, त्या तिथल्या चौकटीवरचा मेझूझा घेऊनच. म्हणजे चामड्याच्या तुकड्यावर हातानं लिहिलेली, तोरा या आमच्या धर्मग्रंथातली वचनं, गुंडाळून नळीत घातलेली; ती घराची राखण करतात अशी श्रद्धा. इथे घरमालकाची खिळा ठोकायला बंदी, म्हणून नळी आम्ही दुहेरी चिकटपट्टीनं दाराच्या चौकटीला लावली.

नवऱ्याच्या ऑफिसातले एक विद्वान परदेशी गृहस्थ त्या दिवशी जेवायला आले. न विचारता त्यांनी नळी उतरवली, गुंडाळी उलगडली. "दोन अक्षरं चिकटलीत. प्रत्येक अक्षराभोवती कोरी जागा हवीच. हे बाद. बहुधा पहिल्यापासूनच." आणि हात धुऊन जेवायला बसले! सासूबाई माझ्याकडे वळून इतकंच म्हणाल्या, "म्हणजे ह्यांच्या आजारपणात आमचं दार उघडंच होतं गो?" त्या रात्रीपासून त्यांचं जेवण तुटलं. बाहेर जाता-येता चौकटीला हात लावून बोटं ओठांना टेकवायची त्यांची जन्माची सवय, तीही सुटली. नवरा आपल्याच चुकीनं गेला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मी ठाण्याला कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहीत आलेली. बसले आणि लिहिलं: 'विधवेच्या दारात धर्माची दांडगाई'. पुढच्या शुक्रवारी दुपारी प्रार्थनालयाच्या फाटकाशी वाटायला निघाले, तर सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तू तुझे कागद वाट. मी एलियाहू हन्नाबीला मलिदा बोललेय." मलिदा म्हणजे नवसाचे गोड पोहे, आणि हन्नाबी आमचा संदेष्टा, अडल्या घरी अनोळखी पाहुणा होऊन येतो म्हणतात. हिंदुस्तानी दुकानातले पोहे, खोबरं, साखर, सगळं मांडून बसल्या होत्या. खरं सांगते, माझा भरवसा मलिद्यापेक्षा पत्रकावर जास्त होता.

फाटकाशी पहिलं पत्रक ज्यांना दिलं, ते पांढऱ्या दाढीचे अनोळखी गृहस्थ होते. विमान चुकलं म्हणून शाब्बाथपुरते कोबेत अडकलेले. उभ्या उभ्या सगळं वाचून त्यांनी विचारलं, "तो चामड्याचा तुकडा कुठे आहे?" माझ्या पानभर संतापात त्याचं उत्तर नव्हतं. ते सोफेर होते, पिसाच्या लेखणीनं पवित्र ग्रंथ लिहिणारे. मी त्यांना घरी घेऊन आले.

ते तुकडा घेऊन खिडकीपाशी गेले. भिंग लावून कितीतरी वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "चामडं जुनं, पिवळं पडलेलं. पण दोन अक्षरांमधला हा शाईचा धागा त्या पिवळेपणाच्या वर बसलाय. तो आत्ताचा आहे. लिहिणाऱ्यानं दोन्ही अक्षरं सुटीच लिहिली होती." त्यांची नजर दाराकडे गेली. इथल्या लहान फ्लॅटमध्ये दार उघडलं की स्वयंपाकघर. चौकटीच्या अगदी खाली आमचा राइस कुकर वाफेचे सुस्कारे टाकत होता, थेट नळीच्या जागेवर; त्या वाफेनंच शाई ओघळली होती. सासूबाई ओरडल्या, "मेला भाताचा डबा!" मी हे त्यांना इंग्रजीत सांगितलं तेव्हा सोफेरही हसले.

त्यांनी बारीक पातं काढलं. "खरवडून अक्षर घडवायचं नाही, हा नियम आहे. ते लिहूनच घडावं लागतं. ही दोन्ही लिहून घडलीच आहेत, मी फक्त मधली सांडलेली शाई काढतो." मग सासूबाई मला म्हणाल्या, "विचार त्यांना, हे गेले तेव्हा..." ते वाक्य पुरं करून मी विचारलं. ते हळू आवाजात म्हणाले, "त्यांच्या दारावर अक्षरं धड होती. माणूस कधी जावा, ते माझ्या लेखणीला कळत नाही."

सासूबाईंनी मलिदा त्यांच्या पुढे ठेवला आणि मग स्वतः खाल्ला, आठवड्यानं पोटभर. ते गेल्यावर नळी कुकरपासून लांब, आतल्या खोलीच्या चौकटीवर लागली. त्यांनी तिला हात लावला, बोटं ओठांना टेकवली.

ते कोण होते, यावर मी वाद घालणार नाही. सासूबाई हन्नाबीचे आभार मानतात, मी चुकलेल्या विमानाचेही मानते. ज्या नियमानं त्यांना रडवलं त्याच नियमानं सोडवलं. मी फक्त सोफेरांना घरी घेऊन आले होते, बाकीचं काही माझ्या हातात नव्हतं. पण त्या विद्वान गृहस्थांवरचा माझा राग गेलेला नाही आणि तुम्हालाही मी सोडणार नाही. कोणाच्या चौकटीवरचं काही तुमच्या हाती आलं, तर आधी ते खिडकीपाशी न्या. तेवढी सवड नसेल, तर 'बाद' हा शब्द तोंडातून काढू नका.