लवू भितळेने पकडलेला चोर

लवू भितळे देवावरसुद्धा एकदम विश्वास ठेवील असं नाही. प्रसादाचा नारळ हातात पडला तरी आधी कानाशी हलवून बघणार. बाजारात कोळणीने आपणहून सुरमईचा कल्ला उघडून दाखवला, तर हा म्हणणार, "न विचारता दाखवत्येय म्हणजे काहीतरी गोम हाय." बायको दर्शना शेजारणींना सांगते, "ह्यांना न्यायला यम आला ना, तर त्याच्याकडे आधी ओळखपत्र मागतील!" आणि खोटं नाही हो सांगत ती.

पण ह्याच स्वभावावर त्याचं घर चालतं. रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांचे फायरवॉल लवू सांभाळतो. फायरवॉल म्हणजे कंपनीच्या इंटरनेटच्या तोंडाशी बसवलेलं एक यंत्र. आत कॉम्प्युटर, कॅमेरे, प्रिंटर कितीही असोत, बाहेरच्या जगाला त्या यंत्राचा एकच पत्ता दिसतो. आतून कोणी काही मागवलं, तर कोणी मागवलं हे ते लक्षात ठेवतं आणि आलेलं बरोबर त्याच्याच टेबलावर पोचवतं. बाहेरच्याला मात्र थेट आत यायला वाट नाही. ती हवीच असेल तर नियम लिहावा लागतो, की अमुक नंबराच्या दारावर जो येईल त्याला आतल्या तमुक कॅमेऱ्याकडे सोड. अशा नियमाला लवू 'भोक' म्हणतो. कोणी भोक पाडायला सांगितलं, की त्याने आपल्या आवारातला फणस चोरलाय अशा नजरेने तो त्याच्याकडे बघतो.

मे महिन्यात रावजीशेठांचा फोन आला. कोळंबी गोठवून परदेशी पाठवायचा त्यांचा धंदा. शेठ तापले होते. "लवू, आपला कंटेनर कधी भरतो, कुठं जातो, सगळं त्या पलीकडच्या कंपनीला आधी कळतं. आतला कोणीतरी फितूर हाय. शोध त्याला!"

झालं! लवूला दुसरं काय हवं? तो फटफटीवरून गेला, बसला आणि फायरवॉल उघडून नियम वाचायला लागला. थोड्याच वेळात भोक सापडलं. बाहेरून थेट गेटवरच्या कॅमेऱ्याकडे नेणारं, आणि नाव काय, तर 'टेस्ट'. चोर असलंच साळसूद नाव ठेवणार, लवू मनात म्हणाला. नियम लिहिलेला अद्नानच्या लॉगिनमधून. हा अद्नान मुकादम राजिवड्याचा, कंपनीचे कॉम्प्युटर बघणारा तरुण मुलगा. आणि रोज दुपारी बाहेरून कॅमेरा बघत होतं कोण? पत्ता मस्कतचा! अद्नानचा मेहुणा मस्कतला असतो, हे लवूला पक्कं ठाऊक होतं.

मग काय, एकेक गोष्ट आठवायला लागली. आपण आल्या आल्या ह्याने न सांगता चहा आणला, तो का? फोन वाजल्यावर उठून व्हरांड्यात गेला, तो का? आणि स्क्रीन भिंतीकडे का वळवून ठेवलाय? खिडकीतून ऊन येत होतं म्हणून वळवला होता, पण ऊन कोण बघतो! थोडी शहानिशा करावी की नाही माणसाने? छे. उचलली जीभ लावली टाळ्याला. लवू तडक शेठांच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "चोर मिळाला."

शेठांनी अद्नानला बोलावून घेतलं. "आत्ताच्या आत्ता घरी जायचं. आणि मी पोलिसांत तक्रार देतोय." अद्नान पांढराफटक पडला. मेहुण्यासारखी त्याचीही परदेशातली नोकरी ठरत आली होती, पोलिसांचा दाखला तेवढा राहिला होता. तक्रार गेली की दाखला गेला, नोकरी गेली, आणि राजिवड्यात आईबापांना मान वर करायची सोय उरली नाही.

"शेठ, मी नाही केलं."

"लॉगिन कोणाचं?"

"माझंच." मग तो लवूकडे वळला. "काका, तारीख बघा ना जरा."

तारीख? आता हा कसली चाल खेळतोय, म्हणत लवूने लॅपटॉप पुढे ओढला. तारीख शिमग्यातली होती, पालखी कंपनीच्या गेटवर आली त्या दिवसाची.

कंपनी गावच्या जमिनीवर उभी, म्हणून दरवर्षी ग्रामदेवतेची पालखी गेटवर थांबते, शेठ नारळ देतात, गाऱ्हाणं होतं. लवू पालखीचा भोई. अनवाणी, गुलालाने माखलेला. त्या दिवशी दर्शनाने त्याला बाजूला ओढलं होतं. "आपला ओमकार पयल्यांदाच शिमग्याला घरी नाय. मस्कतला एकटा बसलाय पोर, फोनवर चित्र धड दिसत नाय त्याला. काय ते करा आणि त्याला पालखी दाखवा!" लवू धावत आत गेला होता. अद्नानचा कॉम्प्युटर उघडाच होता. पोराने उठून खुर्ची दिली. "पालखी हलली की बुजवतो," लवू त्याला म्हणाला, नियम लिहिला, नाव सुचेना म्हणून 'टेस्ट' टाकलं आणि धावला खांदा द्यायला. पालखी काय कोणासाठी थांबते? पुढचं घर, त्याच्या पुढचं घर. भोक राहिलं ते राहिलंच.

लवूला दरदरून घाम फुटला. ही गोष्ट खोलीत दोघांनाच माहीत होती. "तारखेत काय ठेवलंय?" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द जिभेवर तयार होते. आणि तेवढ्यातसुद्धा त्याचं मन आपल्या वाटेने गेलंच, की हा सरळ बोलत का नाही? पुढे कधीतरी आपल्याला कोंडीत पकडायला ठेवतोय काय? त्याने मान वर करून बघितलं. अद्नान खाली बघत उभा होता. हा आपली अब्रू राखतोय! लवूला स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती.

"शेठ, भोक मी पाडलंय," तो म्हणाला. "पालखी दाखवायला. आणि रोज बघतोय तो माझा ओमकार. गेटातून गावाची वाट दिसते, तेवढीच बघत असेल."

शेठ बघतच राहिले. "म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! मग पलीकडच्यांना सांगतो कोण?"

"शेठ," अद्नान हळूच म्हणाला, "तुम्ही गेटवर उभे राहून फोनवर बोलता ना, ते रस्त्यापर्यंत ऐकू येतं."

शेठ खाकरले. टेबलावरचा मोबाइल त्यांनी खिशात टाकला. तक्रारीचं राहिलं. "पण लवू, पुढल्या महिन्यापासून मी दुसरा माणूस बघतो," एवढं मात्र बोलले. लवूने मान हलवली. त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं.

अद्नानच्याच टेबलाशी बसून त्याने भोक बुजवलं. मग घसा साफ केला. "माफ कर रे पोरा. धंदाच असला, सगळ्यांवर संशय घ्यायचा."

"सगळ्यांवर कुठं घेतलात, काका?" अद्नान म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "मी आणि ओमकार शाळेत एका बाकावर बसायचो. मस्कत वाचलंत आणि तुम्हाला माझा मेहुणा आठवला. तुमचा पोरगा का नाही आठवला?"

ह्याचं उत्तर लवूला ठाऊक होतं, आणि अद्नानलाही. अद्नानने जेवणाचा डबा उचलला आणि 'चला जेवायला' न म्हणता एकटाच बाहेर गेला.