अहिराणिस्ती बोलेल त्याला भोपळा

दुपारी जेवून सुवार्ता खाटेवर आडवी होते. उद्या गावच्या चर्चमध्ये हंगामाचा सण आणि तिचं पहिलं प्रवचन. पाळकसाहेबांनी बजावलंय, "तिथे अहिराणी चालणार नाही हं. शुद्ध बोल, नाहीतर पाळक व्हायला माझी शिफारस विसर." आता बोला! सगळी मंडळी घरीदारी अहिराणीच बोलतात. तिची माय जन्मभर शुद्ध प्रवचनांना नुसती मान डोलावत आली. सुवार्ता शुद्ध वाक्यं घोळवत राहते, डोळे जड होतात.

समोर सेमिनरीतला, पाळक घडवणाऱ्या तिच्या शाळेतला वर्ग आहे. फळ्यापाशी ग्रीकचे अमोलिक सर. गेल्या नाताळात वारले, पण स्वेटर तोच.

"हेलेनिस्ती?" सर विचारतात.

"ग्रीकमध्ये, सर."

"हेब्राइस्ती?"

"हिब्रूत."

"लोकांच्या नावाला 'इस्ती' लावलं, की त्यांच्या भाषेत बोलणं झालं. बायबलात आडगावच्या लुकवनी लोकांनासुद्धा हा मान आहे. चमत्कार बघून ओरडले ते लुकाओनिस्तीच! तुझे लोक कोणते गं?"

"सर, तुम्ही तर गेलात ना?"

"ते राहू दे. उत्तर दे."

वर्गाला भिंती नाहीत. लिंबाखाली सणाचा लिलाव चाललाय. लोकांनी देवाला वाहिलेलं पीक मांडलंय आणि सर एक भोपळा उंच धरून ओरडताहेत, "पैसे नकोत! अहिराणिस्ती बोलेल त्याला भोपळा!"

सुवार्ता पुढे होते. "देव आपल्यासोबत आहे."

"हे कुणासाठी? पाळकसाहेबांसाठी?"

तिला असा राग येतो! "देव तुमना संगे शे!"

"मागच्या बाईला ऐकू आलं नाही."

मागची बाई म्हणजे मायच. सुवार्ता बेंबीच्या देठापासून ओरडते, "भिऊ नका! देव तुमना संगे शे!" आणि मग थांबतच नाही, अख्खं प्रवचन तसंच सांगते. सर भोपळा तिच्या हातात ठेवतात आणि चालू लागतात. मागे वळतसुद्धा नाहीत. तिला रडू फुटतं.

जाग येते तेव्हा भोपळाबिपळा काही नाही. घसा मात्र पार बसलाय, आवाज धड फुटत नाही. उशाशी माय बसलीये, डोळे पुसत.

"झोपमा बोली ऱ्हायनी व्हती तू," माय म्हणते. "मले बठं प्रवचन समजनं, आखं. पहिलांदाव."

सुवार्ता उठून बसते. शिफारस गेली खड्ड्यात. उद्या हेच, अस्संच सांगायचं. घोगऱ्या आवाजात ती मायला तसं सांगते.

माय उठून चुलीवर पाणी ठेवते, त्यात मीठ टाकते.

"मंग आधी गुळण्या कर."